निळ्या कागदावरची पांढरी जागा

१

वैशाखाच्या उन्हात कागदाला सहा मिनिटं पुरत. माघात तेवढ्याच कामाला पाव तास लागे, आणि आभाळ भरलेलं असलं तर नंदलाल चौकट बाहेरच काढत नसे. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. तो मनातल्या मनात आकडे म्हणायचा. तीनशेसाठ झाले की चौकट उलटी करायची, कागद सोडवायचा आणि पळत पत्र्याच्या टाक्यापाशी जायचं.

धरणाच्या पाहणीची छावणी कोसमटोल्याला पडून दीड वर्ष झालं होतं. सालेकशाच्या अलीकडे, रुळापासून कोसभर आत, जंगलाला लागून हे नंदलालचं गाव. नंदलाल छावणीवर फेरो खलाशी होता. साहेबांनी मोजणी करायची, श्यामलालबाबूंनी पारदर्शक कापडावर नकाशा काढायचा आणि नंदलालनं उन्हाच्या जोरावर त्याच्या निळ्या प्रती काढायच्या. अंधाऱ्या खोलीत दोन बाटल्या असत. एकीत हिरवट पापुद्रे, दुसरीत लाल खडे. दोन्ही पाण्यात विरघळवून रुंद ब्रशानं कागदावर फासायचे आणि अंधारातच वाळवायचे. मग कागदावर नकाशा, नकाशावर काच, आणि चौकट उन्हात. टाक्यात धुतला की ऊन लागलेल्या जागी कागद निळा होई, ऊन अडेल तिथं पांढरा राही.

"इसमें अकल का काम नहीं, भैया," गोंदियाचे श्यामलालबाबू म्हणत. "बस चौखट पे किसी का साया ना पड़े."

नंदलालला ते लागत नसे. अकलेची कामं त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. चौथीत शाळा सुटली, बाप गेला म्हणून. पण बाप असता तरी ती सुटलीच असती. गुरुजींनी उभं केलं की त्याच्या घशातून शब्दच निघत नसे. तेवीस वर्षांचा झाला, तरी चारचौघांत तो मान खाली घालूनच असायचा. अंधाऱ्या खोलीत मात्र त्याला कुणी काही विचारत नसे. ओले कागद दोरीवर ठिबकत असत, आणि तो त्यांच्या खाली बसून पुढचे कागद फासत असे.

पानांचं खूळ त्याचं स्वतःचं. एकदा फासलेल्या कागदावर चारोळीचं एक पान उडून पडलं आणि ऊन लागलं. धुतल्यावर निळ्यावर पान उमटलं, शिरांसकट, पांढरं. त्यानं तो कागद लपवून ठेवला होता. श्यामलालबाबूंनी तो शोधून साहेबांपुढं टाकला, चेष्टा म्हणून. साहेबांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "बुडितात जाणाऱ्या सगळ्या झाडांची अशी एक वही कर. मी वर पाठवतो. तुझं नावही लिहीन." नंदलालचं नाव आजवर हजेरीच्या कागदाशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

२

यादीत बावन्न झाडं होती. मोहाच्या नावापुढं साहेबांनी लिहिलं होतं: पान, आणि रोप मुळासकट.

छावणी आणि गाव यांच्यामध्ये नाला होता आणि नाल्याकाठी तीन मोह. तिथं जायला नंदलाल टाळाटाळ करत होता. पन्नास झाडं झाली, एक्कावन्न झाली. मोह राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याची पहिली मुलगी गेली होती. शामकला. आठ महिन्यांची. भादव्यात फुलवंता तापानं फणफणली आणि पोरीला हगवण लागली. नंदलाल तेव्हा दूर, दुसऱ्या एका तलावाच्या मोजणीवर साखळी ओढायला गेला होता. निरोप पोचून तो परतला तेव्हा चौथा दिवस होता. दूधपित्या लेकराला जाळत नाहीत. तिकडे ते मोहाखाली पुरतात. मोहाचं पान तोडलं की देठातून दूध येतं, ते लेकराला मिळत राहतं म्हणतात. मूळची ही गोंडांची रीत, पण जंगलाशेजारी चार पिढ्या काढलेल्या नंदलालसारख्या पोवारांनीही ती घेतली होती. त्या मोहाची मग कुणी डहाळी मोडत नाही, त्याखालचं काही उपटत नाही.

तुलसीराम काकानं तिला पुरलं होतं. "नाल्याकाठी मोहाखाली ठेवलं," एवढंच तो म्हणाला. कोणत्या मोहाखाली, ते नंदलालनं विचारलं नाही. त्या दिवशी विचारवलं नाही. नंतर विचारायची लाज वाटू लागली, की आपल्या लेकीची जागा बापाला ठाऊक नाही. जितके दिवस गेले तितकी लाज वाढली. फुलवंताला तर तो कसं विचारणार होता?

शेवटी त्यानं स्वतःशीच हिशेब मांडला. काका जरा लंगडतो. पावसात पोर हातात घेऊन तो गावाजवळच्या पहिल्याच मोहाशी थांबला असेल. म्हणून नंदलाल तिसऱ्याकडे गेला. तिसरा सगळ्यांत दूर आणि सगळ्यांत दाट होता. तांबूस पालवीनं भरला होता. त्याच्या बुडाशी मागच्या पावसाळ्यातलं वीतभर रोप होतं. त्यानं मोजणीच्या लोखंडी खुंटीनं भोवतालची माती मोकळी केली. मूळ हातभर खोल निघालं. टोकाशी ते कशात तरी अडकलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी धरून ओढलं तेव्हा आलं.

हाताला लागलेलं पांढरं दूध त्यानं धोतराला पुसलं.

३

रोप धुऊन, मुळं पसरून त्यानं काचेखाली घातलं. तीनशेसाठ आकडे म्हटले. टाक्यात कागद बुडवला. पिवळं पाणी निघून गेलं, निळा चढला, आणि रोप उमटलं. साहेब खूश होतील असं उमटलं होतं, केसाएवढं मूळही सुटलं नव्हतं.

फक्त मुळाच्या टोकाशी पांढरं काहीतरी जास्त होतं. बोराएवढा एक गोल, आणि त्याला लागून चार बारीक ठिपके, ओळीनं. पाचवा जरा बाजूला.

"जड़ में आलू लगा है क्या, नंदलाल?" श्यामलालबाबू वाकून म्हणाले. "साहब को बोल, महुआ का आलू. नई खोज."

मातीचं ढेकूळ राहिलं असणार, नंदलालनं ठरवलं. काच उघडून रोप पाहिलं. मुळाचं टोक स्वच्छ होतं. मग चिकाचा थेंब. काच पुसली, चोळून पुसली, उजेडात धरून पाहिली. दुसरा कागद घेतला आणि रोप उलटं ठेवलं, मूळ वरच्या अंगाला.

या वेळी ते वरच्या अंगाला आलं. गोल थोडा मोठा होता. ठिपके ठिपके राहिले नव्हते. लांबट झाले होते आणि मुळाभोवती वळले होते.

"पहले वाला ही दे दे," बाबू आता हसत नव्हते, कंटाळले होते. "कागद सरकारी है."

नंदलालनं पहिलाच कागद वहीत लावला. दुपारी त्याच काचेखाली तेंदूचं पान घातलं. आधीचं किडकं निघालं म्हणून ते परत करायचं होतं. धुताना त्यानं कागद पाण्यातच उलटा केला आणि उलटाच ठेवला बराच वेळ. तेंदूच्या देठाशीही ते होतं. देठ धरून होतं.

४

घरी गोवर्धन रडत होता. पाच महिन्यांचा, गुटगुटीत पोर. त्याचं रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. मोहाचं रोप काढलं त्या आठवड्यात ते थांबेना.

"दूध नाही उतरून राहिलं जी," फुलवंता म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती. पोर छातीशी होतं, ओढत होतं, सोडून देऊन किंचाळत होतं.

"कवापासून?"

"चार-पाच दिवस झाले असन."

काकू धनवंता दारातून आत आली ती बोलतच. गावातल्या निम्म्या बाळंतिणींची शेक-शेगडी तिनं केली होती आणि तिला कुणाची भीड नव्हती. "मेथीची पेज देल्ली, मासोळीचा रस्सा पाजला. म्हशीले एवढं घातलं असतं त दोन बकेटी काढल्या असत्या. दाव वं." तिनं फुलवंताची चोळी चाचपली आणि थबकली. "ओली त आहे."

"सकाळी दाटते मायजी. चोळी भिजते, पन याच्या तोंडी थेंब नाही उतरत. दुपार झाली का काईच नाही."

"मंग दुपारी कोन पेते?" धनवंता हसली. "हा नंदलाल त नाही?"

नंदलालचे कान तापले. तो बाहेर जाऊन बसला. फुलवंता हसली नाही, रागावलीही नाही. तिनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि उंबऱ्यावरच्या उन्हाकडे पाहत राहिली.

बकरीचं दूध आणलं. गोवर्धननं ते ओकून टाकलं. तांदळाची पेज चमच्यानं घातली, तीही. धनवंता त्याची मान धरून पेज घालत होती आणि तिचं बोलणं हळूहळू बंद झालं.

५

नंदलाल वेडा नव्हता. खोटं असेल ते धुतल्यावर निघून जातं, हे त्याला कामानंच शिकवलं होतं. त्यानं छावणीतली दुसरी काच काढली. बाटल्यांतलं द्रावण फेकून नवं केलं. नवीन गठ्ठ्यातला कागद घेतला. टाक्याचं पाणी बदललं. मग काचेखाली काहीच न घालता चौकट उन्हात ठेवली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून तीनशेसाठ आकडे होईपर्यंत डोळे न मिटता पाहत राहिला. अंगणात कुणी नव्हतं. वरून पाखरू गेलं नाही. काचेवर ऊन होतं, दुसरं काही नाही. काचेखाली कागद हळूहळू राखेच्या रंगाचा झाला, सगळा, कडेपासून कडेपर्यंत. तो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता.

टाक्यात घातला. तळहात उमटला, मनगट उमटलं, मनगटाची वळी उमटली. कोपरापर्यंत. कागदाच्या उजव्या कडेतून तो हात निघाला होता. चौकट जशी ठेवली होती, तशी उजवी कड गावाकडे होती.

त्यानं चौकट फिरवून ठेवली. हात डाव्या कडेतून आला. गावाकडूनच.

तो कागद त्यानं चुलीत घातला आणि तडक काकाच्या शेतावर गेला. तुलसीराम बांधावर बसून दोरी वळत होता.

"काका." तो मान खाली घालून उभा राहिला. लहानपणी वर्गात राहायचा तसा. "तिले... कोनत्या मोहाखाली ठेवलं होतं?"

तुलसीरामनं दोरी वळणं थांबवलं नाही. "तिसऱ्या."

"तिसऱ्या? एवढ्या दूर?"

"पयल्या दोघायच्या बुडाशी पानी आलं होतं. पोरीले पान्यात ठेवू का?" मग त्यानं मान वर केली. "दोन वर्सं झाले, नंदलाल. मले वाटे, तू आज इचारशीन, उद्या इचारशीन. काऊन इचारलं आज?"

नंदलाल म्हणाला, "काई नाही. असंच."

छावणीवर येऊन त्यानं ते रोप शोधलं. श्यामलालबाबूंनी ते झाडून कोपऱ्यात टाकलं होतं. पानं चुरगळली होती, मूळ सुतळीसारखं वाळलं होतं. तरी तो ते घेऊन तिसऱ्या मोहाकडे गेला. खड्डा अजून तसाच होता. त्यानं रोप त्यात उभं केलं, माती लोटली, धोतराचं टोक नाल्यात भिजवून वरून पिळलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. दहा खेपा केल्या. हात जोडून काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलं, पण लेकीशी कसं बोलतात ते त्याला माहीत नव्हतं. जिवंतपणी तो तिला भेटला तो मोजून दोन महिने. उठून उभा राहिला तेव्हा रोप एका अंगाला कललं होतं.

६

गोवर्धनचं रडणं बारीक झालं. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, मग अंगणापर्यंत, मग फक्त खोलीत. त्याच्या टाळूवर खळगा पडला. धनवंता नंदलालला बाजूला घेऊन म्हणाली, "गोंदियाले ने याले. दवाखान्यात. दुपारची गाडी पकड. कालच न्यायले पाह्यजे होता."

"हाव."

"हाव हाव नोको करू. ने."

त्या दिवशी सकाळी गोवर्धनला धनवंतानं आपल्या घरी नेलं होतं, तिथं एका ओल्या बाळंतिणीच्या छातीला लावून पाहायला. घरात फुलवंता एकटी होती. नंदलाल छावणीवर रजा सांगायला गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चौकट होती, नकाशाची मोठी, तीन हात लांबीची; काळ्या कापडात गुंडाळलेली, आत एकच कागद. तो असं का करत होता, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच होतं की मोकळ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि कागदाला दिसत होतं. आणि दुपारी, काकू म्हणाली होती तसं, कोण पितं, ते त्याला गाडी पकडायच्या आधी पाहायचं होतं.

ऊन अजून तिरपं होतं. त्यानं चौकट अंगणात पश्चिमेच्या भिंतीला टेकवून उभी केली.

"इथं बस," तो म्हणाला. "भितीकडे तोंड नोको करू. आडवी बस."

"कायले?"

"बस म्हनतो नं."

एवढ्या जोरानं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. फुलवंता बसली. तिची सावली चौकटीवर पडली: कपाळ, नाक, हनुवटी, पुढं झुकलेले खांदे. त्यानं काळं कापड ओढून घेतलं आणि आकडे म्हणायला लागला. सकाळचं ऊन, नऊशेपर्यंत म्हणावे लागणार होते.

गल्लीत कुणी नव्हतं. परसात कुठंतरी कोंबडी माती उकरत होती. तीनशेपर्यंत फुलवंताचे हात मांडीवर होते, उपडे. नंदलालची नजर कागदावर होती, म्हणून ते नेमके कधी हलले हे त्याला दिसलं नाही. चारशेच्या सुमारास पाहिलं तेव्हा तिचं डावं कोपर वाकलं होतं, पोर धरावं तसा हात पुढं आला होता. उजव्या हातानं तिनं पदर पुढं ओढून घेतला होता. सवय, तो मनात म्हणाला. आई झालेल्या बाईची सवय. मांडी रिकामी होती. तो पुन्हा पुन्हा तिच्या मांडीकडे पाहत होता आणि मांडी रिकामी होती.

नऊशे झाले. त्यानं चौकट उलटी केली. घरी टाकं नव्हतं. गुरांच्या डोणीत पाणी होतं. त्यात कागद सोडला.

पाणी पिवळं झालं. फुलवंताची कडा आधी वर आली, धूसर, पण तीच. मग वाकलेला हात. कोपराच्या बेचक्यात डोकं होतं. एक बारकी मूठ तिच्या छातीवर टेकली होती. मागं लोंबणारे पाय पाच महिन्यांच्या पोराचे नव्हते. पुष्कळ लांब होते, मांडीवरून खाली आले होते. डोक्यामागं काहीतरी पांढरं पसरलं होतं. ते काय असावं हे नंदलालला कळेना. त्याचे हात पाण्यातच राहिले.

फुलवंता मागं येऊन उभी राहिली होती. ती वाकली. बोटानं तिनं ते पसरलेलं पांढरं हळूच पुसल्यासारखं केलं.

"पाहा, केस किती वाढले तिचे," ती म्हणाली.

७

"तुले माहीत होतं?"

फुलवंतानं कागद डोणीतून उचलला आणि पाणी निथळू दिलं.

"फुलवंता. तुले दिसते का ती?"

"दिसत नाही. वजन लागते." मांडीवर हात ठेवून तिनं दाखवलं, इथं. "पयले वाटलं सपन होय. दुपारी डोया लागे तवा ये. आता जागी असली तरी येते, सकाळीही."

"पोरगं मरून राह्यलं आपलं!"

"मले दिसत नाही का?" तिचा आवाज चढला नाही. तेच जास्त वाईट होतं. "ती उपाशी गेली. ताप होता मले, तापाचं दूध वाईट म्हनून कोनी पाजू नाही देल्लं. चार दिवस. माया बाजूले पडून रडे, आन मी दाटलेलं दूध भितीवर पिळून टाकत होती. काकूनंच हात धरले माये. तुमी कोठी होते?"

नंदलालनं ओले हात धोतराला पुसले.

"आता ती येते, मंग म्या काय करू? तिले ढकलू? सांगा, कसं ढकलतेत? वजन त लागते, पन हातात त काई येत नाही."

"तिले सांग. जा म्हन."

"तुमी सांगा," फुलवंता म्हणाली. "बाप आहा नं."

त्यानं तोंड उघडलं. अंगणाकडे, तिच्या मांडीकडे, नेमकं कुठं पाहावं ते न कळून तो बोलायला गेला. शामकला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ऊन भिंतीवरून सरकून अंगणाच्या मध्यावर आलं होतं. शब्द आला नाही.

फुलवंता कागद घेऊन आत गेली.

धनवंतानं गोवर्धनला आणून त्याच्या हातात दिलं. "त्या बाळंतिनीचंही नाही घेत," ती म्हणाली. "तोंडच नाही लावत. जा लवकर. फुलवंता येते का?"

"नाही."

"काऊन?"

आतल्या खोलीत फुलवंता उंबऱ्याकडे पाठ करून बसली होती. दुपार झाली होती. तिची पाठ जरा पुढं झुकली होती आणि तिथून एक आवाज येत होता, बारीक, ओला, एका लयीत. मधेच थांबे, श्वास घेई, आणि पुन्हा सुरू होई. धनवंतानंही तो ऐकला. तिनं नंदलालच्या खांद्यावरच्या पोराकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग पोराकडे. तिनं डोक्यावरचा पदर तोंडापुढं घेतला आणि अंगणातून निघून गेली.

कोसभर वाट नंदलाल जवळजवळ पळत गेला. फलाटावर लिंबाची सावली होती. तेंदूपानांच्या पोत्यांवर एक म्हातारी बसली होती. तिनं सरकून जागा दिली. तो पोराला मांडीवर घेऊन बसला.

गोवर्धन रडत नव्हता. त्याचे डोळे अर्धे मिटले होते. त्याचे ओठ हलत होते, चंबू करून, रिकाम्या हवेत, एका लयीत. मधेच थांबत, आणि पुन्हा सुरू होत. ती लय नंदलालला ओळखू आली. त्यानं पोराच्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं. ओठ बोटाखाली हलत राहिले. बोट कोरडंच राहिलं.

मग ते हळू झाले. आणखी हळू. पोट भरत आलेलं लेकरू करतं तसे, सोडत, पुन्हा धरत, सोडत. मग थांबले.

म्हातारीनं वाकून पाहिलं. "झोपलं वाटते," ती म्हणाली. "पोट भरलं असन लेकराचं."

रुळांकडे पाहत नंदलाल म्हणाला, "हाव जी."

गाडीला अजून वेळ होता. खाली पाहायचा धीर त्याला झाला नाही.